तरावाचं मॉडेल आणि पूर्व भागातला कारागीर: पाचापैकी साडेचार

सोलापुरात शाळेच्या प्रदर्शनासाठी मॉडेल करून देणारे बरेच आहेत. थर्माकोल, निळा रंग, वर चार प्लास्टिकची झाडं, झालं काम. मला तसलं नको होतं. एका शाळेच्या इतिहास-भूगोल प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातली तरावाची लढाई मांडायची होती. अमेरिकेच्या सेकंड मरीन डिव्हिजनने, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या सैन्याने, नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या जपानच्या ताब्यातल्या एका चिमुकल्या बेटावर केलेली ती चढाई. खर्च आम्ही काही माजी सैनिकांनी वर्गणी काढून उचलला होता, त्यामुळे काम पारखून घेणं भाग होतं.

अशोक चौकातून पूर्व भागात आत शिरलं की टॉवेलच्या कारखान्यांच्या मधे एक पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. ‘लेझर कटिंगवाले’ असं विचारलं की कोणीही दाखवतं. लग्नाच्या नावाच्या पाट्या, देवघरं, बिल्डरांच्या फ्लॅटची मॉडेलं असं सगळं तिथे होतं. मालक चाळिशीचे. त्यांचे वडील चादरींची नक्षी ग्राफ पेपरवर उतरवायचे, आणि त्या ग्राफवरून जकार्ड मागाची कार्डं पंच व्हायची. मालकांचं लहानपण त्या चौकटी मोजण्यात गेलंय. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, याचा कामाशी थेट संबंध आहे.

मी तरावातल्या बेतिओ बेटाचा, म्हणजे जिथे लढाई झाली त्याचा, मोठा केलेला नकाशा टेबलावर पसरला. बेट तीन किलोमीटरांहून थोडं लांब, रुंद जेमतेम आठशे यार्ड, सगळं मिळून तीनशे एकरांच्या आत. मालकांनी बेटाकडे पाहिलंच नाही. बोट ठेवलं ते बेटाच्या उत्तरेच्या पाण्यावर.

“सर, हितं पाणी निळं करा म्हंता. पण किती खोल ते सांगा की ओ. तळ कसा कापू मी?”

मी नौदलात असताना किनाऱ्यावर नाक टेकवणाऱ्या जहाजावर होतो. त्या नोकरीत सगळ्यात आधी शिकवतात तो हाच प्रश्न. किनारा किती उताराचा, भरती किती वाजता, पाणी किती. जहाज किनाऱ्याला लावताना पुढचा भाग हलका आणि मागचा जड ठेवायचा, येतानाच मागचा नांगर दूर पाण्यात सोडायचा, म्हणजे परत निघताना त्याच्याच जोरावर जहाज मागे ओढून घेता येतं. उतार फार सपाट असला तर जहाज लांबच टेकतं आणि माणसांना खोल पाण्यात उतरावं लागतं. सोलापुरात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पहिल्याच भेटीत कोणी हा प्रश्न विचारेल असं मला वाटलं नव्हतं. त्याच क्षणी मी काम त्यांना दिलं.

तरावाची सगळी गोष्ट त्या तळात आहे. बेतिओच्या भोवती प्रवाळाचा कठडा आहे. किनाऱ्यापासून पाचशे ते हजार यार्डांपर्यंत तो पसरलेला आणि तव्यासारखा सपाट, आणि त्याच्या बाहेर पाणी एकदम खोल. हिगिन्स बोटी, म्हणजे पुढचं फळकूट खाली पाडून सैनिक उतरवणाऱ्या त्या लाकडी बोटी, भरलेल्या असताना त्यांना साधारण चार फूट पाणी लागायचं. चढाईच्या वेळी कठड्यावर पाचेक फूट पाणी असेल असा आराखडा करणाऱ्यांचा हिशोब होता. प्रत्यक्षात होतं तीन फूट, काही ठिकाणी त्याहून कमी.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. मेजर फ्रँक हॉलंड नावाचे न्यूझीलंडचे एक गृहस्थ, तरावा ज्यांत येतं त्या गिल्बर्ट बेटांवर शिक्षण खात्यात वर्षानुवर्षं राहिले होते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे चंद्र अर्धा असताना भरती मंद येते तेव्हा, तिथे बोटी निघणार नाहीत असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल ज्युलियन स्मिथ यांनाही धोका दिसत होता. पाण्यातून चालत जावं लागण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, असं त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यात २० नोव्हेंबरच्या सुमाराला चंद्र पृथ्वीपासून सर्वांत लांबच्या टप्प्यावर होता, त्यामुळे भरती-ओहोटीतला फरक आणखीच घटला. हा चंद्राचा हिशोब डोनाल्ड ओल्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मांडला, लढाईनंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

आता मॉडेलकडे येतो. सात फूट बाय चार फूट, दोन तुकड्यांत, मधे बोल्ट. आडवं प्रमाण १:२०००. याच प्रमाणात खोली दाखवली असती तर तीन फूट पाणी अर्धा मिलिमीटरसुद्धा भरलं नसतं, कोणाला काही दिसलं नसतं. मालकांनीच सुचवलं की उभं प्रमाण वेगळं घेऊ, १:१००. त्यांच्याकडचं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, ३ मिलिमीटरचं. म्हणजे एक थर म्हणजे एक फूट. हा हिशोब त्यांनी कागदावर न लिहिता तोंडी केला. पुढे सगळा तळ ग्राफ पेपरवर चौकटी भरून उतरवला, वडील चादरीची नक्षी भरायचे तशाच पद्धतीने, आणि मग एकेक थर लेझरवर कापला. थरांच्या कडा त्यांनी मुद्दाम घासून गुळगुळीत केल्या नाहीत. पायऱ्या तशाच ठेवल्या, म्हणून पोरं बोटाने फूट मोजू शकतात.

या कामाचा जीव आहे तो समोरच्या बाजूच्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीत. तिच्यात दोन आडव्या खाचा आहेत. वरची कठड्याच्या पाच थर वर, खालची तीन थर वर. खाचेत खुंटीवर बसवलेली एक लाकडी हिगिन्स बोट सरकते. बोटीचा पाण्याखालचा भाग बरोबर १२ मिलिमीटर, म्हणजे चार फूट. वरच्या खाचेतून ढकलली की बोट सळसळत किनाऱ्यापर्यंत जाते. खालच्या खाचेत घातली की कठड्याच्या कडेशी ‘टक्’ असा आवाज होतो आणि ती थांबते. तिथून किनारा अजून एक वीत लांब असतो. त्या विताचा अर्थ अर्धा किलोमीटर पाणी, छातीपर्यंत, कंबरेपर्यंत, डोक्यावर बंदूक धरून, समोरून आणि बाजूने मशीनगन चालू.

प्रदर्शनात सातवीतली एक मुलगी ती बोट खालच्या खाचेतून पुन्हा पुन्हा ढकलत होती. मग मला म्हणाली, “काका, हे लोक परत का नाही गेले?” मी तिला शेजारचं वाहन दाखवलं, कारण त्यातून गेलेले त्यांचेच साथीदार आधी किनाऱ्यावर पोचले होते.

ते वाहन म्हणजे एलव्हीटी, अमेरिकन सैनिकांच्या बोलीत अ‍ॅमट्रॅक. पाण्यात तरंगतं, जमिनीवर रणगाड्यासारखं पट्ट्यांवर चालतं. त्याचा जन्म युद्धासाठी झालेला नाही. डोनाल्ड रोब्लिंग याने फ्लोरिडातल्या दलदलीत वादळानंतर अडकलेली माणसं सोडवायला ‘अ‍ॅलिगेटर’ नावाचं वाहन १९३० च्या दशकात बनवलं. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या वॉशिंग्टन रोब्लिंग यांचा हा नातू. १९३७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याची माहिती छापून आली आणि मरीन कोअरची नजर त्यावर गेली. पुढे ते कारखान्यात बनवलं फूड मशिनरी कॉर्पोरेशनने. या कंपनीची सुरुवात फळबागांवर औषध मारायच्या फवारणी पंपांपासून झालेली. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा असलेल्या पालकांना ही गोष्ट सांगितली की ते मॉडेलपाशी थांबतातच.

तरावाला डिव्हिजनकडे अशी १२५ वाहनं होती. ७५ जुनी, ग्वाडलकॅनाल बेटावरच्या लढाईपासून वापरलेली, आणि ५० नवी. मरीनचे कोअर कमांडर हॉलंड स्मिथ यांनी नौदलाशी भांडून ती नवी वाहनं मिळवली. जुन्या वाहनांना चिलखत नव्हतं. डिव्हिजनचा मुक्काम न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ होता, तिथे त्यांच्या पुढच्या बाजूला पोलादी पत्रे ठोकून घेतले. हल्ल्याच्या पहिल्या तीन लाटा, म्हणजे एकामागोमाग निघालेल्या तुकड्या, या वाहनांतून गेल्या आणि कठडा ओलांडून थेट किनाऱ्याला लागल्या. मागच्या लाटा हिगिन्स बोटींतून येणार होत्या. त्या कठड्यावर अडकल्या. ज्या तुकड्या चालत गेल्या त्यांची सगळ्यात जास्त माणसं पाण्यातच गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत किनाऱ्याकडे गेलेल्या पाच हजारांपैकी सुमारे दीड हजार मृत किंवा जखमी होते.

किनारा मिळालेल्यांची अवस्थाही फार वेगळी नव्हती. नारळाच्या ओंडक्यांची भिंत, तिच्या आडोशाला पालथे पडलेले सैनिक, आणि चार पावलांवर जपानी खंदक. मॉडेलवर ही भिंत मालकांनी अगरबत्तीच्या काड्या तासून केली आहे आणि लांब धक्का बांबूच्या कामट्यांचा. तो धक्का बेटाच्या मधोमध किनाऱ्यापासून कठड्याच्या कडेपर्यंत जातो. लेफ्टनंट विल्यम हॉकिन्स याच्या स्काउट-स्नायपर, म्हणजे टेहळणी करणाऱ्या नेमबाजांच्या, तुकडीने सर्वांआधी तोच साफ केला. हॉकिन्स पुढे त्याच बेटावर मारला गेला आणि तिथल्या धावपट्टीला त्याचं नाव दिलं गेलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या तुकड्यांची सूत्रं कर्नल डेव्हिड शूप यांच्याकडे होती. ते स्वतः त्या धक्क्याच्या आडोशाने पाण्यातून चालत आले, पायाला जखम, आणि एका जपानी बंकरला पाठ लावून त्यांनी आपलं ठाणं मांडलं. बंकरमध्ये आत जपानी सैनिक जिवंत होते. दुसऱ्या दिवशी शूप यांनी कळवलेल्या अहवालाचा आशय असा: हानी पुष्कळ, मृतांची टक्केवारी माहीत नाही, लढाऊ क्षमतेबद्दल म्हणाल तर आपण जिंकतोय. या माणसाला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि १९६० मध्ये तो मरीन कोअरचा प्रमुख झाला.

शहात्तर तासांत बेट पडलं. मरीन आणि नौसैनिक मिळून हजाराच्या आसपास गेले, दोन हजारांहून जास्त जखमी. दुसऱ्या बाजूला रिअर अ‍ॅडमिरल केइजी शिबासाकी यांच्या हाताखाली साडेचार हजारांहून जास्त माणसं होती. त्यांतले जपानी फक्त सतरा हाती लागले, शिवाय शंभरावर कोरियन मजूर. या मजुरांना खंदक खणायला आणलेलं होतं. त्यांच्यासाठी मॉडेलवर मी वेगळी पाटी लावून घेतली. लढाईच्या गोष्टीत ती माणसं कोणाच्याच बाजूला मोजली जात नाहीत, मला ते पटत नाही.

१२५ पैकी नव्वदेक वाहनं नष्ट किंवा निकामी झाली. यापुढचा भाग मुलांना सांगायला मला फार आवडतो, कारण त्यात एका सैन्याने आपलं शिक्षण पुन्हा केलं. हवाईजवळच्या काहोओलावे बेटावर बेतिओसारखे बंकर बांधून त्यांवर नौदलाच्या तोफांचा सराव घेतला. चढाईआधी पाण्यात उतरून तळ आणि अडथळे तपासणारी, बुडी मारणाऱ्या माणसांची पथकं उभी केली. नवीन एलव्हीटी-४ मध्ये इंजिन पुढे नेलं आणि मागे दार दिलं. आधी वाहनाच्या बाजूच्या काठावरून उडी मारताना माणूस उघडा पडायचा, आता वाहनाच्या आडून उतरता येऊ लागलं. जून १९४४ मध्ये हीच सेकंड मरीन डिव्हिजन सायपान बेटावर उतरली तेव्हा चढाई करणाऱ्या लाटा एलव्हीटीतून गेल्या.

हे सगळं परदेशचं, आपल्याला काय त्याचं, असं एका पालकांनी विचारलं. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, खडकवासल्याच्या तलावाकाठी आज राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे तिथे महायुद्धात किनाऱ्यावर उतरण्याचं प्रशिक्षण चालायचं आणि ‘एचएमएस अँगोस्तुरा’ नावाचं नकली जहाज सरावासाठी उभं होतं. दुसरी १९७१ ची. डिसेंबरमध्ये पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडची वाट अडवायला आपण आताच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला चढाई पाठवली. गोरखा सैनिक ‘विश्व विजय’ या व्यापारी जहाजावरून निघाले, भर समुद्रात ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ या जहाजांवर चढले. किनाऱ्याआधीच्या वाळूच्या दांड्यावर जहाज टेकलं. दांडा आणि किनारा यांच्या मधे पाणी खोल होतं. अंगावर सामान घेऊन उतरलेले काही जवान बुडाले. समोर शत्रू नव्हताच, तरी माणसं गेली. माझ्या नोकरीत हा प्रसंग वरिष्ठ आवाज खाली करून सांगायचे, आणि त्यानंतर आम्ही पाण्याची खोली मोजायला निघायचो.

आता दुकानाच्या उणिवांबद्दल. अर्धा गुण कापलाय तो यांसाठी.

काम सांगितलेल्या तारखेला मिळालं नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत त्यांच्याकडे स्टॉलच्या पाट्यांची रांग लागते आणि मोठं काम मागे पडतं. जानेवारीत प्रदर्शन असेल तर दिवाळीलाच ऑर्डर द्या. दुसरं, पाट्यांवरचं मराठी तपासून घ्या. पहिल्या खेपेला ‘भरती’ आणि ‘कठडा’ दोन्ही चुकीचे कोरले होते. हरकत न घेता त्यांनी नवीन पाट्या करून दिल्या, पैसे लावले नाहीत, पण तपासणारा माणूस आपलाच हवा. तिसरं, आणि हे जास्त गंभीर: अ‍ॅक्रिलिकची पट्टी सोलापूरच्या उन्हाळ्याला पुरत नाही. शाळेने मॉडेल पश्चिमेच्या व्हरांड्यात ठेवलं, एप्रिलअखेर पट्टीला बाक आला आणि खालच्या खाचेतली बोट अडू लागली. मालकांनी येऊन जाड पट्टी बसवली आणि मागून अ‍ॅल्युमिनियमचा अँगल मारला. तो पहिल्यापासूनच मारायला हवा होता. तुम्ही करून घेणार असाल तर आधीच सांगा.

उभ्या-आडव्या प्रमाणातल्या फरकाची सूचना मोठ्या अक्षरात लावणं भाग आहे. बेतिओ जेमतेम तीन मीटर उंच, पण मॉडेलवर ते टेकडीसारखं दिसतं. एका शिक्षकांनीच मला विचारलं की टेकडीवर तोफा होत्या का. ही उणीव कारागिराची नाही, पण बघणाऱ्याची समजूत चुकते.

रंगकाम मात्र पहिल्या दर्जाचं. खोल पाण्याला गडद निळा, कठड्यावर हिरवट, आणि जिथे माणसं चालली त्या पट्ट्याला त्यांनी वेगळा रंग दिलाच नाही, एमडीएफ तसंच उघडं ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, “हितं रंग नको सर, हितं बोट लावून बघू दे.”

किंमत साडेअकरा हजार, त्यात बोट, तीन एलव्हीटी, पाट्या आणि पेटी. छोटा हत्ती आपण सांगायचा. पेटी सागवानी नाही, साध्या प्लायची आहे, पण कोपऱ्यांना पत्रा मारलेला आहे आणि आत फोम. अक्कलकोट रोडच्या खड्ड्यांतून सुरक्षित आली, एवढं मी खात्रीने सांगतो. एवढ्या कामाला ही रक्कम मला रास्त वाटली. दुसऱ्या एका ठिकाणी मला यापेक्षा जास्त पैशात थर्माकोलचं मॉडेल सांगितलं होतं आणि तळाबद्दल कोणी विचारलंही नव्हतं.

दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं, त्यामुळे सकाळी जा. नुसता फोटो नेऊ नका. नकाशा न्या, लांबी-रुंदी न्या, आणि तलाव, नदी, समुद्र काहीही असलं तर खोलीचे आकडे लिहून न्या, कारण ते विचारणार आहेत.